आक्काचा अर्धा फोटो

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. वडगावातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये चार पॉवरलूम होते. सकाळी सातला ते सुरू झाले की पुढच्या खोलीत फळीवरचे डबेसुद्धा एकमेकांशी बोलायला लागायचे. त्यामुळे ‘मीठ दे’ हेही आम्ही भांडण काढल्यासारखं म्हणायचो. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा पहिले पंधरा दिवस सासूबाईंना वाटत होतं की नवी सून कशावरून तरी चिडली आहे. शेवटी त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं आणि त्यानं सांगितलं, “आई, ती लाडात बोलतीय.” आता माझी चाळिशी उलटली, चष्मा लागला, गुडघा बोलायला लागला. एवढ्या भांडवलावर माणसाला आठवणी लिहायचा हक्क मिळतो असं धरून मी हे लिहायला बसले आहे.

त्या सगळ्या खडखडाटात एकच गोष्ट ऐकू यायची, ती म्हणजे लाईट गेल्यावरची शांतता. लाईट जायची तेव्हा गल्लीतले सगळे माग एकदम गप्प व्हायचे आणि कुणाच्या घरी कुठल्या विषयावर ओरडणं चाललंय ते क्षणभर सगळ्यांना कळायचं. त्या क्षणी आमच्याकडे शेडमधून आप्पांची हाक यायची, “पिना काढा!” आप्पा म्हणजे आमचे वडील. पूर्वी एकदा लाईट गेली ती परत येताना दुप्पट जोरानं आली होती, आणि टीव्ही, मिक्सर अन् एका मागाची मोटर अशी तीन माणसं एकाच दिवशी दगावल्यासारखं घर सुतकात गेलं होतं. तेव्हापासून नियम झाला. हाक आली की आईनं फ्रीजची पिन काढायची, थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, टीव्हीची, आणि मी मधल्या खोलीतलं जे काही असेल ते. हातात कणीक असो, तोंडात ब्रश असो, आधी पिन. पाहुणे आलेले असले तर ते दचकायचे, कारण गप्पा मारता मारता यजमान एकाएकी तीन दिशांना पळत सुटायचे.

आप्पा स्वतः मात्र पळायचे नाहीत. लाईट गेल्यावर पहिली चारपाच मिनिटं ते मागांपाशीच असत. मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो, लाईट गेली की कधी कधी मधेच, ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, पोटात अडकून राहतो. तसाच माग पुन्हा सुरू झाला तर शेकडो धागे तटातट तुटतात. म्हणून आप्पा एकेका मागाचं चाक हातानं हळू फिरवायचे, धोटा कडेच्या पेटीत आणून ठेवायचे, मग पुढच्या मागाकडे जायचे. आईची तक्रार असायची की घराला आग लागली तरी हा माणूस आधी धोटा पेटीत घालून मगच बाहेर येईल. आप्पा म्हणायचे, “व्हय, मग? जाऊन जाऊन आग कुठं जातीया?”

अशा घरात कॉम्प्युटर आला. मी शहापुरातल्या एका क्लासात तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि आप्पांनी बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर माझ्यासाठी आणला होता. मधल्या खोलीत टेबलावर तो बसला. शेडमधलं सूत उडून त्यात जाऊ नये म्हणून आईनं साडीच्या तुकड्याचं झाकण शिवलं, त्यावर आणखी एक झाकण शिवलं. खंडेनवमीला मागांबरोबर त्याचीही पूजा झाली, माऊसलासुद्धा हळदीकुंकू लागलं, आणि पुढे कितीतरी दिवस माझं उजवं बोट लाल होत राहिलं. त्याच्याबरोबर यूपीएस नावाची एक बॅटरीची पेटीही आली होती. लाईट गेली की ती ‘टुईं टुईं’ करायची आणि कॉम्प्युटर दहाबारा मिनिटं चालू राहायचा. आप्पांचा तिच्यावर विश्वास नव्हता. लाईट गेल्यावर चालणारी वस्तू त्यांच्या हिशोबात बसत नव्हती.

माझा मात्र तोरा विचारू नका. क्लासातल्या सरांनी एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसवली होती. कॉम्प्युटरला बाहेरची कुठलीही वस्तू जोडली, तर ती नुसती ओढून काढायची नाही. खाली उजव्या कोपऱ्यात हिरवा बाण असतो, त्यावर क्लिक करायचं, थांबायचं, ‘आता काढायला हरकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली की मगच वायर काढायची. घरात बाहेरची वस्तू अजून एकही नव्हती. पण मी जाड अक्षरांत कागद लिहून भिंतीवर डकवला, ‘परवानगीशिवाय वायर ओढू नये.’ परवानगी अर्थात माझी. शिवाय जेवताना, चहाला, गल्लीतल्या बायका बसल्या असतील तेव्हाही मी हिरव्या बाणावर भाषण द्यायची. आई एकदा म्हणाली, “बाई गं, नवऱ्याला सोडतानासुदीक कुणी इतकं विचारत न्हाय.”

मग आक्काचं जमलं. मुलगा निपाणीचा, सतीश. बेंगळूरला नोकरी करायचा. बघण्याचा कार्यक्रम त्याच्या वडिलांनी आणि मामांनी उरकला होता आणि साखरपुडा आमच्या दारात ठरला होता. पण आठ दिवस आधी सतीशच्या आई, ज्यांना आम्ही पुढे निपाणीच्या मावशी म्हणायला लागलो, न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून पडून राहिल्या. साखरपुडा पुढे ढकलू नका, असं त्यांनीच कळवलं. मात्र एक अट घातली. साखरपुड्याचे फोटो आपण बघणार आणि मगच लग्नाची तारीख धरणार. आम्ही आक्काचा स्टुडिओतला फोटो आधीच पाठवला होता. त्यावर त्यांचा निरोप आला होता, “स्टुडिओत सगळ्याच चांगल्या दिसत्यात. थोरली सून तसाच फोटो बघून केली.” पुढे काही म्हणाल्या नव्हत्या, पण आमच्या घरी दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

सतीशभावजी साखरपुड्याला नवाकोरा डिजिटल कॅमेरा घेऊन आले. आम्ही रोल घालायचा कॅमेरा बघितलेला, हा काढल्याबरोबर फोटो दाखवायचा. त्यामुळे फोटोवाल्याला सांगितलंच नाही. दिवसभर त्या कॅमेऱ्याभोवती गर्दी. माग बंद ठेवले होते आणि घर इतकं शांत होतं की आमचेच आवाज आम्हाला परके वाटत होते. आईनं मांडे सांगितले होते, घडी मोडली तरी पदर मोडू नये असे पातळ, आणि दूध आटवून केलेल्या कुंद्याचा खरपूस वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. आक्का गर्द जांभळी साडी नेसली होती. ती साडी आप्पांनी स्वतः, कुणा कारागिराला हात लावू न देता विणली होती. आक्का तशी सावळी, जरा पुढे आलेल्या दातांची, पण हसली की खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. स्टुडिओतल्या फोटोत ती ओठ मिटून बसली होती. साखरपुड्यात ती हसत होती.

संध्याकाळच्या गाडीनं सतीशभावजींना बेंगळूर गाठायचं होतं. जाताना कॅमेरा आणि वायर माझ्या हातात देऊन म्हणाले, “तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय म्हणं. फोटो तेवढे त्यात घ्या, कॅमेरा रिकामा करा. गुरुवारी मामा येतील, त्यांच्याकडं सीडी आणि कॅमेरा द्या. आई वाट बघतीया.” आक्का दारामागून बघत होती. माझ्या आयुष्यात एवढी मोठी जबाबदारी आजवर कुणी दिली नव्हती, आणि जी दिली ती मीच मागून घेतल्यासारखी छाती काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा जोडला. आप्पा शेडमध्ये जाता जाता मागे येऊन उभे राहिले. कॉपी करून मग पुसायचं असतं हे मला ठाऊक होतं, पण एकदम ‘कट’ केलं की दोन्ही कामं एकाच वेळी होतात म्हणून मी ते केलं. पडद्यावर एका पेटीतून कागद उडायला लागला आणि दुसऱ्या पेटीत जाऊन पडायला लागला. आप्पा टक लावून बघत राहिले. म्हणाले, “हा तर धोटाच की गं. हिकडनं तिकडं. मधीच लाईट गेली तर?”

“यूपीएस आहे आप्पा,” मी म्हणाले. “कितीही लाईट जाऊ दे. हिरव्या बाणावर क्लिक केल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही, की झालं.”

आप्पा मान हलवून माग सुरू करायला गेले. आई आणि आक्का गच्चीवर सतरंज्या वाळत घालत होत्या. मी एकटी त्या उडत्या कागदाकडे बघत बसले होते. जुना कॉम्प्युटर, एकेका फोटोला पोळी भाजून होईल एवढा वेळ लावत होता. आणि लाईट गेली. माग गप्प झाले, शेडमधून हाक आली, “पिना काढा!”

पुढे जे झालं ते मी केलं असं म्हणायला आजही जीभ वळत नाही. ते माझ्या हातानं केलं. इतक्या वर्षांची सवय, हाक आली की मधल्या खोलीतलं जे काही असेल ते. यूपीएस टुईं टुईं करत सांगत होता की मी आहे, पडदा चालू होता, कागद अर्ध्या हवेत होता. पण हात गेला, सगळ्यात जवळची वायर धरली आणि ओढली. ती कॅमेऱ्याची होती. ओढल्यावर समोरच्या भिंतीवरचा माझाच कागद मला दिसला.

कागद उडायचा थांबला. एक लाल फुली आली. मी वायर पुन्हा जोडली, कॅमेरा म्हणाला फोटो साठवायच्या कार्डात दोष आहे. पुन्हा काढली, हिरवा बाण शोधला, तो आता कुठं असायला! किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. आप्पा चारही मागांचे धोटे पेटीत घालून हात पुसत आत आले तेव्हा वायर माझ्या हातातच होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. एवढ्यात जिन्यावर आई आणि आक्काची पावलं वाजली. आप्पांनी माझ्या मुठीतून वायर सोडवून घेतली आणि त्या दोघी आत आल्या तेव्हा सहज म्हणावं तसं म्हणाले, “माझ्या हातनं घोटाळा झाला बघ. लाईट गेली, मी गडबडीत हीच वायर वडली.”

मी काय करावं? मी म्हणाले, “आप्पा, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं!”

हे वाक्य मी त्यांना म्हणाले. लिहितानासुद्धा कानशिलं गरम होतात. आप्पांनी खाली मान घातली. आक्का भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली आणि आईनं सवयीनं फ्रीजची पिन काढली.

सव्वीस फोटो आले होते. साखरपुड्याच्या सुरुवातीला मामांनी कॅमेरा शिकून घेताना काढलेले. चपलांचे तीन, शेडमधल्या मागांचे पाच, मांड्यांच्या ढिगाचे दोन, बाकी पाहुण्यांचे. एकात मामा स्वतः, तोंडात अख्खा लाडू, डोळे बाहेर. सत्ताविसावा फोटो आक्काचा होता, आतल्या खोलीतून हसत बाहेर येतानाचा. तो अर्धाच आला होता. गळ्यापर्यंत आक्का, खाली सगळं राखाडी. ओटी नाही, अंगठी नाही, आप्पांनी विणलेली साडी नाही. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्यानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, “ह्यात काय राहिलं न्हाय.”

मंगळवारी आईनं ठरवलं की साखरपुडा पुन्हा करायचा. म्हणजे फोटोपुरता. शेजारच्या ताराक्कांचा रोलचा कॅमेरा आणला. आक्काला तीच साडी नेसवली, अंगठी तीच, पाहुणे मात्र गल्लीतले. सतीशभावजींच्या जागी आमचा चुलतभाऊ पाठमोरा बसला, कारण पाठ कुणाचीही चालते असं आईचं म्हणणं. आमचे काका सतीशभावजींच्या मामांच्या जागी बसले आणि त्यांनी तयारीनं लाडू तोंडात घातला. आई म्हणाली, “अहो भावजी, तो फोटो हाय आमच्याकडं. तुमी दुसरं कायतरी खावा.” ताराक्कांनी तोपर्यंत दोन फोटो काढले होते, दोन्हींत त्यांचा अंगठा आला असणार. सगळी हसत होती. मग आक्का पाटावरून उठली आणि अंगठी काढून आईच्या हातात दिली. म्हणाली, “लबाडी करून मला संसाराला लागायचं न्हाय. तारीख न्हाय धरली तर न्हाय.” आणि आत जाऊन रडायला लागली. इतकं मोठ्यानं की माग बंद असते तर पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असतं.

आप्पांनी टोपी घातली. “लेकीचं खरं हाय. मामा यायच्या आधी मीच निपाणीला जातो. शैले, तू चल संगट. कॉम्प्युटरचं कायबाय इच्यारलं तर सांगशील.”

सव्वीस फोटो आणि तो अर्धा, सगळ्यांच्या छापील प्रती घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. संकेश्वर मागे पडेपर्यंत मी धीर गोळा करत होते. शेवटी म्हणाले, “आप्पा, तिथं मी सांगते. मीच ओढली म्हणून.”

“काय सांगतीस?” आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “म्हणतील, धाकटी कॉम्प्युटर शिकली आणि थोरलीचं वाटोळं केलं. मग तुझं शिकणंबी बंद हुईल. माझं काय, मी अडाणी. अडाण्याला माफ असतंय. गप बस.” आणि कंडक्टरला कानडीत निपाणी किती वेळात येईल ते विचारायला लागले, जसं काही पहिल्यांदाच निघाले होते.

निपाणीच्या मावशी खाटेवर टेकून बसल्या होत्या. प्लॅस्टरचा पाय उशीवर, पानाचा डबा हाताशी, आणि नजर अशी की मी दारातच पदर नसताना पदर सावरला. आप्पांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. लाईट गेली, माझ्या हातानं वायर ओढली गेली, फोटो गेले, उरले ते एवढे. मावशींनी पाकीट घेतलं, चष्मा लावला. चपला बघितल्या. मांडे बघितले. मामांचा लाडू बघून म्हणाल्या, “माझा भाऊच हाय, खूण पटली.” मागांच्या फोटोपाशी मात्र बराच वेळ थांबल्या.

“धोटा पेटीत घालून बंद केलासा,” त्या म्हणाल्या. “माझं म्हायेर शहापूरचं. आमच्या दारात हातमाग हुते.” मग चष्म्यावरून आप्पांकडे बघितलं. “लाईट गेली तवा माग चालू हुते?”

“व्हय, चारीबी,” आप्पा म्हणाले.

“हं,” मावशी म्हणाल्या. एकदा माझ्याकडे बघितलं. मी फरशीवरची नक्षी मोजत होते.

सगळ्यात शेवटी अर्धा फोटो हातात आला. एवढ्या एका कागदावर आक्काचं पुढचं आयुष्य अडलं होतं आणि त्यातला अर्धा कागद राखाडी होता. मावशींनी तो लांब धरला, जवळ धरला.

“ही हसतीया,” त्या म्हणाल्या. “स्टुडिओत तोंड का मिटून घेतलं हुतं?”

“दात पुढं हाईत म्हणून,” आप्पांच्या तोंडून निघून गेलं आणि ते हादरले.

मावशी एवढ्या हसल्या की प्लॅस्टरचा पाय उशीवरून घसरला. “माझं बी हाईत,” म्हणाल्या आणि दाखवले. “तोंड आलंय, बास झालं. खालची अर्धी मी समोर बसवून बघीन. तारीख धरा.”

आक्काचं लग्न थाटात झालं. तो अर्धा फोटो मावशींनी काच बसवून दर्शनी सोप्यात लावला, तो आजही तिथंच आहे. आणि आप्पांच्या मागे कायमची पीडा लागली. लग्नात मावशी मांडववाल्याला सांगत होत्या, “आमच्या व्याह्यांना स्पीकरच्या वायरीपाशी बसवू नगा.” बारशाला, वास्तुशांतीला, कुठंही चार माणसं जमली की मावशी सुरू व्हायच्या आणि आप्पा हसत ऐकून घ्यायचे. पुढे पुढे तर ते स्वतःच तिखटमीठ लावून सांगायला लागले, वायर ओढली तेव्हा ठिणगी उडाली वगैरे. मी पुढे शिकले, कॉम्प्युटरवरच नोकरी धरली, ऑफिसात नव्या मुलांना हिरव्या बाणाचं महत्त्व समजावून सांगितलं. खरं मात्र एकदाही सांगितलं नाही. आधी भीती वाटायची, नंतर उशीर झाला असं वाटायचं, आणि मग ती गोष्ट आप्पांचीच होऊन गेली.

आप्पा गेले तेव्हा बारा दिवस माग बंद होते. तेराव्याला निपाणीच्या मावशी काठी टेकत आल्या. जेवणं झाल्यावर त्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या, आणि मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, “मावशी, ती वायर मी ओढली होती.”

“म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“त्याच दिवशी कळलं. चारी माग चालू, आन लाईट गेली. विणकर माणूस तवा मागापाशी असतोय. धोटा पेटीत घातल्याबिगर तो आत येईल व्हय? आला तोवर वायर वडून झाली असणार. आन तू खाली बघत हुतीस.”

“मग इतकी वर्षं त्यांना चिडवत का राहिलात?”

“त्यांनी आपल्या हातानं अंगावर घेतलेलं. ते मी कसं काढून घेऊ?” मावशींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “आन मी चिडवलं की ते हसायचे न्हवं, ते तुझ्याकडं बघून हसायचे. बघितलं न्हाईस कधी?”

मी बघितलं नव्हतं. मी दर वेळी खाली बघत होते.